भरावावरची वाट

लातूर, धाराशिव आणि बार्शी या भागांतून आपल्या निवासी शाळेत शिकायला आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलताना एका गाडीचा विषय हमखास निघतो. ती गाडी म्हणजे बार्शी लाइट. लोखंडी पेटी, गोधडी आणि आईने फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी घेऊन तिच्या डब्यात बसलेली मुले आज निवृत्तीच्या वयाला पोहोचली आहेत. गाडी इतकी सावकाश चाले की खाली उतरून हरभऱ्याचे डहाळे उपटावेत आणि मागच्या डब्यात पुन्हा चढावे, असे ते सांगतात. सांगणाऱ्यागणिक त्या गाडीचा वेग कमी होत जातो हे खरे. पण तिच्याविषयीचा जिव्हाळा खोटा नाही. ती गाडी आता नाही. तिच्या रुळांखालचा भराव मात्र काही ठिकाणी उरला आहे. त्या भरावाचे पुढे काय व्हावे, यावरून आपल्याच माणसांत जो मतभेद झाला त्याविषयी या स्मरणिकेत लिहावे, असे आम्हाला वाटले.

इतिहासाचा शिक्षक कोणत्याही वादाआधी सनावळी मांडतो. ती सवय आम्हालाही सुटलेली नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही रेल्वे उभी केली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. रूळ हलके, आणि चाकांच्या प्रत्येक जोडीवर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ नये अशी सगळ्या डब्यांची आणि इंजिनांची रचना. कमी खर्चात मोठे काम करणारी रेल्वे म्हणून तिचे नाव जगभरच्या अभियंत्यांत झाले. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ साली ती पंढरपूरला पोहोचली. १९०७ साली तिने ब्रिटिश मुलुखाची हद्द ओलांडून निजामाच्या राज्यातले तडवळे गाठले आणि १९११ साली ती लातूरला आली. १९२७ साली दुसरे टोक मिरजेपर्यंत गेले. १ जानेवारी १९५४ रोजी कंपनीची मालकी संपून ही रेल्वे सरकारची झाली. लातूरची बाजारपेठ आज आपण पाहतो तशी वाढली, तिच्यामागे या अडीच फुटांच्या रुळांचा वाटा मोठा आहे.

पुढे रुंदीकरण आले. लातूर ते उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हा भाग २००७ साली आणि तिथून कुर्डुवाडीपर्यंतचा भाग २००८ साली रुंद झाला. जुनी गाडी उस्मानाबाद शहराला बाजूला ठेवून बार्शीहून येडशीकडे बालाघाट चढत असे. नवा मार्ग त्या जिल्ह्याच्या ठिकाणाला जोडण्यासाठी वळवला गेला. साहजिकच मधला जुना पट्टा रेल्वेच्या दृष्टीने निकामी झाला. आम्ही नांदेडला राहतो. नांदेडकरांना हा प्रश्न कधी पडला नाही, कारण आमची मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज १९९०च्या दशकात रुंद होत गेली ती बहुतांश जुन्याच जागेवर. तिथे रूळ बदलले, पण जमीन रेल्वेच्याच कामी राहिली. बार्शी ते येडशी या भागात रूळ उचलले गेले आणि खाली उरला तो एक लांबच लांब, अरुंद, कोणाच्याही नजरेत न भरणारा भराव. कुठे तो बाभळींनी झाकला आहे, कुठे शेजारच्या नांगराने त्याची कड खाल्ली आहे, आणि कुठे ती रोजची पायवाट झाली आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यात जेवणानंतर या भरावाचा विषय निघाला आणि पाहता पाहता तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष शिकून शहरात गेलेल्या तरुणांचा. त्यांचे म्हणणे असे की या पट्ट्यावर चालण्याचा आणि सायकलींचा मार्ग करावा. त्यांच्यातल्या एकाने परदेशातली उदाहरणे नीट अभ्यासली होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा बंद पडलेला लोहमार्ग १९६०च्या दशकात अशा वाटेत बदलला गेला आणि पुढे त्या देशात हजारो मैलांच्या अशा वाटा झाल्या. १९८३ साली तिथे कायद्यात दुरुस्ती झाली, की पट्टा तुकडे न करता वाट म्हणून राखून ठेवावा, म्हणजे उद्या गरज पडली तर त्यावर पुन्हा रूळ टाकता येतील. आपल्याकडे रामलिंगचे अभयारण्य आहे, बालाघाटाची चढण आहे, आणि येडशीच्या पुढे कसबे तडवळे आहे. तडवळ्याला जाणारी चालती वाट झाली, तर महाराष्ट्रभरातून माणसे येतील, गावातल्या पोरांना रोजगार मिळेल, हा त्यांचा युक्तिवाद.

तडवळे हे नाव आपल्या वाचकांना नव्याने सांगावे लागू नये. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या परिषदेला आले. गावच्या शाळेत त्यांचा मुक्काम झाला. बैलगाड्यांतून निघालेल्या त्यांच्या मिरवणुकीच्या आठवणी ते गाव अजून सांगते. परिषदेचा विषय होता वतन. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले होते. जमिनीचा तुकडा हातात द्यायचा आणि त्याच्या बदल्यात माणसाला पिढ्यान्‌पिढ्या गावकीच्या कामाला जुंपायचे, हा वतनाचा खरा अर्थ होता. जमीन मिळाली होती, पण ती हक्काने मिळाली नव्हती. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढे तोच उपयोगी पडणार आहे.

दुसरा पक्ष शेतकऱ्यांचा. त्यांत आपल्या समाजाचे दोन-तीन एकरवाले होते आणि इतर समाजांचे पालकही होते. एक पालक म्हणाले, “सर, आमच्या पणजोबाच्या शेताचे या रुळांनी दोन तुकडे केले. बैल वळवायला जागा राहिली नाही. शंभर वर्षं आम्ही ते सोसलं, कारण गाडी सगळ्यांची होती. आता गाडीच नाही. मग ती जमीन आम्हाला का नको?” या प्रश्नात लबाडी नव्हती. अमेरिकेतही हाच प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ साली वायोमिंग राज्यातल्या एका प्रकरणात त्या न्यायालयाने निकाल दिला, की रेल्वेला फक्त वहिवाटीचा हक्क दिलेला होता, रेल्वेने मार्ग सोडल्यावर तो हक्क संपला आणि जमीन मालकाची झाली. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. सरकारने एकदा रीतसर संपादन केलेली जमीन, मूळ काम थांबले म्हणून आपोआप जुन्या मालकाकडे जात नाही. पण कायदा वेगळा असला तरी तुटलेल्या शेताचे दुःख तेच असते, हे मान्य केले पाहिजे.

तिसरा पक्ष भूमिहीनांचा. मेळाव्यात तो संख्येने थोडा आणि आवाजाने हळू होता. ऊसतोडीला जाणारे एक पालक म्हणाले, की ज्याला जमीन आहे तो जमीन मागतोय, ज्याला सायकल आहे तो सायकलीला रस्ता मागतोय. आमच्या नावावर सातबारा कधी नव्हता, मग मूळ मालकांच्या यादीत आम्ही येणार कुठून? या रेल्वेवर गँगमन म्हणून ज्यांनी आयुष्यभर खडी ठोकली त्यांची घरे भरावाच्या कडेला आहेत, त्यांना तरी तीच जागा द्या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांची आठवण त्या बोलण्याला होती. मराठवाड्यात गायरान कसून पोट भरणाऱ्या कुटुंबांना पडीक सरकारी जमीन दिसली की हा प्रश्न आठवणारच.

तीनही बाजू ऐकल्यावर आम्हाला वाटले, की हा भराव प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज मत देणे बरे नाही. काही दिवसांनी आम्ही दोन सहकाऱ्यांसह त्या पट्ट्यावरच्या एका गावी गेलो. गावाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. तिथल्या माणसांना तिथेच राहायचे आहे. भरावावर आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत चाललो. वाटेत गवताचे भारे घेऊन येणाऱ्या बाया भेटल्या, शेळ्या राखणारी पोरे भेटली, दप्तरे पाठीला लावून शाळेला निघालेल्या मुली भेटल्या. दगडी मोरीखालून ओढ्याचे वाळलेले पात्र जात होते. ही जागा निकामी झाली, असे कागद म्हणत होता. पायांना तसे वाटत नव्हते.

वस्तीत एका आजींनी चहा दिला. त्यांचे पती रेल्वेत गँगमन होते. सायकलमार्गाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. त्या म्हणाल्या, “सायकली येतेल, मान्सं येतेल, समदं बरं हाय, गुर्जी. पर आमचं मढं त्या वाटंनं जाऊ देतेल का, ते आदी इचारा.”

मग उलगडा झाला. वस्तीची स्मशानभूमी ओढ्यापलीकडे आहे. तिथे जाणारी जुनी वाट शेतांतून होती आणि ती केव्हाच बांधांत मिसळून गेली. पावसाळ्यात, पीक उभे असताना तिरडी नेण्यावरून तक्रारी होत. त्यामुळे रुळांच्या कडेने प्रेत नेण्याची रीत पडली. गाडी दिवसातून मोजक्या वेळाच येई. तिची वेळ चुकवून माणसे निघत. रेल्वेच्या नियमाने ते रुळांवर बेकायदा चालणे होते. पण तिथल्या माणसांनी कधी हटकले नाही, असे आजी सांगत होत्या. रूळ उचलल्यावर तीच वाट वस्तीची झाली. आजींच्या मालकांना त्यांनी स्वतः ठोकलेल्या खडीवरूनच नेले.

आगगाडीने जात मोडली, असे एक वाक्य सभांतून सहज फेकले जाते. इतिहास इतका सरळ नाही. डब्यात शेजारी कोण बसावे हे तिकीट ठरवी, हे खरे आणि मोठेही आहे. पण १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांकडे कोरेगावला निघाला, तेव्हा मसूर स्थानकावर काय घडले ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. गाडीने त्यांना आणून सोडले. आणि जात कळताच स्थानकप्रमुख मागे सरला, बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. दुप्पट भाडे द्यावे आणि गाडी मुलांनीच हाकावी, या अटीवर पुढचा प्रवास झाला. रात्रभर त्यांना पाणी मिळाले नाही. समतेची हद्द फलाटापाशी संपत होती. फलाटापासून घरापर्यंतची आणि घरापासून स्मशानापर्यंतची वाट मात्र गावाच्या मर्जीवर होती. त्या गावचा भराव आज नेमका या मर्जीच्या बाहेर उभा आहे. त्या वस्तीला कोणाची परवानगी न विचारता चालता येईल अशी तेवढीच एक जागा आहे.

आता तीनही मागण्या या कसोटीवर पाहू. पट्टा शेतकऱ्यांना तुकड्यातुकड्याने वाटून दिला, तर पहिल्या नांगरटीबरोबर वाट संपेल. त्या पालकांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते कळवळून म्हणाले, “मयताला कोण आडवं येतं, सर? आम्ही वाट देऊ की.” त्यांचा शब्द आम्ही खरा मानतो. पण त्यांच्यानंतर जमीन त्यांच्या मुलांची होईल, कदाचित विकली जाईल, आणि नव्या मालकाने तो शब्द दिलेला नसेल. मेहरबानीने मिळालेली वाट मेहरबानी संपेपर्यंतच राहते. वतनाने आपल्याला हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले आहे. वहिवाटीने हक्क मिळवायचा, तर कायद्याने खासगी जमिनीवर वीस आणि सरकारी जमिनीवर तीस वर्षांचा अखंड वापर दाखवावा लागतो. गाडी थांबल्यापासून मोजले, तर ती तीस वर्षे अजून भरलेली नाहीत. म्हणून आज होणारा निर्णय महत्त्वाचा आहे.

पट्टा भूखंड पाडून भूमिहीनांना द्यावा, या मागणीशी आमचे मन जुळते. तरी या जागेसाठी ती योग्य नाही असे आमचे मत झाले. काही फूट रुंदीच्या उंच भरावावर शेती होत नाही, आणि घरांची सलग रांग झाली तर पुन्हा वाटच बंद होते. भूमिहीनांचा हक्क कसण्याजोग्या जमिनीवर आहे; त्यांची बोळवण टाकून दिलेल्या रेल्वेच्या कडेवर होऊ नये. मात्र कडेला जी घरे आज उभी आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. सार्वजनिक जागेवरील अनधिकृत ताबा काढण्याचा १९७१ चा कायदा रेल्वेच्या हाताशी आहे, आणि ‘सुशोभीकरण’ हा शब्द आला की त्या कायद्याची नोटीस प्रथम गरिबाच्या दारावर लागते.

याच कारणाने सायकलमार्गाच्या उत्साही मित्रांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. न्यूयॉर्क शहरात बंद पडलेल्या उन्नत लोहमार्गावर २००९ साली ‘हाय लाइन’ नावाचे सुंदर उद्यान सुरू झाले. जगभरातून लोक ते पाहायला येतात. पण शेजारच्या जुन्या वसाहतींतल्या गरिबांसाठी आपण हे करू शकलो नाही, असे त्याच्या संस्थापकांपैकी एकाने पुढे स्वतःच कबूल केले. आसपासच्या जागांचे भाव वाढले, आणि ज्यांच्या खिडकीसमोर बाग झाली त्यांना ती आपली वाटली नाही. आपल्या भरावावर फाटक, तिकीटखिडकी आणि पहारेकरी आला, तर तिरडी त्या फाटकाशी थांबेल. उलट विदर्भात मूर्तिजापूर–यवतमाळच्या शकुंतला रेल्वेबद्दल लोक अजून बागही मागत नाहीत आणि वाटही मागत नाहीत. ते गाडीच मागतात. रस्त्याचा उपयोग काय, हे ठरवताना रोज चालणाऱ्याला आधी विचारावे, एवढाच त्याचा बोध.

तुकडे करू नयेत याला आणखी एक कारण आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानले होते. तेव्हा मिरजेहून दहा टाक्यांची पहिली पाणीगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन सुमारे ३४० किलोमीटर दूर लातूरला आली, आणि पुढे काही महिने अशा गाड्या येत राहिल्या. ज्या मिरज–लातूर मार्गाने ती आली, तो बार्शी लाइटचाच वारसा. कापूस, कडधान्ये आणि वारकरी वाहण्यासाठी आखलेली वाट शतकानंतर शहराला पाणी पाजील, हे १९११ साली कोणाला सुचले असते? सलग राहिलेली सार्वजनिक पट्टी पुढच्या पिढीच्या कोणत्या गरजेला धावून येईल, हे आज सांगता येत नाही. एकदा ती शंभर सातबाऱ्यांत विरघळली की पुन्हा जोडता येत नाही.

म्हणून आमचे मत असे आहे. भराव सलग आणि सार्वजनिक राहावा. त्याची नोंद सर्वांना खुली असलेली वाट अशी सरकारी दप्तरात व्हावी आणि त्या नोंदीत वस्तीच्या स्मशानवाटेचा स्पष्ट उल्लेख असावा. कडेची घरे आहेत तिथेच नियमित करावीत. ज्यांची शेते दुभंगली आहेत त्यांना भराव ओलांडून बैल आणि ट्रॅक्टर नेता येईल, अशी उतरणीची जागा हक्काने मिळावी. अभयारण्याच्या परिसरात वनखात्याचा नियम पाळावा. एवढे झाल्यावर त्यावरून सायकली जाव्यात, तडवळ्याला पायी जाणारे अनुयायी जावेत, शाळांच्या सहली जाव्यात. येणाऱ्या पाहुण्याने तिरडी आली तर सायकलवरून उतरून बाजूला उभे राहावे. इतकी साधी रीत शिकवायला फलक लागू नये.

सर्वांचे समाधान झाले, असे म्हणता येत नाही. शेतकरी पालक अजून नाराज आहेत. उतरणीच्या जागेने शेत एक होत नाही, हे त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. शहरातल्या मित्राला काळजी वाटते, की योजनेच्या पहिल्याच पानावर स्मशानवाट लिहिली तर पैसा देणारा कोणी पुढे येणार नाही. आमचे म्हणणे असे, की ती पहिल्या पानावर नसेल तर शेवटच्या पानावरही राहणार नाही.

या कामी शाळेने एक लहानसे काम अंगावर घेतले आहे. नववीच्या मुलामुलींनी एक वही घातली आहे. भरावावरून कोण, कुठून कुठे, कशासाठी आणि केव्हापासून जाते, ते त्या वहीत गावोगावच्या माणसांना विचारून, तारीख घालून, सहीनिशी किंवा अंगठ्यानिशी लिहायचे. वापर सिद्ध करण्याची वेळ आली तर अशी वही पुरावा म्हणून पुढे ठेवता येईल. वाचकांपैकी कोणाच्या घरी आजोबांचे गँगमनचे सेवापुस्तक, जमीन संपादनाची जुनी नोटीस, बार्शी लाइटचे तिकीट किंवा रुळांच्या कडेचे एखादे छायाचित्र असेल, तर त्याची प्रत शाळेच्या कार्यालयात आणून द्यावी. मूळ कागद घरीच जपून ठेवावा.